दिवाळीच्या लोडआधी, नव्या पार्सलवाल्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती गेले की ठाणे, भिवंडी आणि नवी मुंबईतल्या पार्सल हबमध्ये नवी मुले दिसू लागतात. दसरा-दिवाळीचा लोड वाढलेला असतो, माणसे कमी पडतात. लायसन्स, आधार, पॅन आणि पासबुक दाखवले की दोन दिवसांत हातात रूट पडतो. शिकवणी म्हणजे एक दिवस जुन्या माणसाच्या मागे बसून फिरणे. यातली बरीच मुले महिन्याच्या आत काम सोडतात आणि जाताना 'परवडत नाही' म्हणतात. पार्सलमागचे दर कमी आहेत हे खरेच. पण पैसा नेमका कुठून गळला हे बऱ्याच जणांना कळलेलेच नसते. वाचकांच्या घरातले कुणी या कामाला लागत असेल तर हे पत्र त्याच्या हाती द्यावे. पुढचे त्याच्याशीच बोलल्यासारखे लिहिले आहे.

आधी एक साधे गणित. समजा रनशीटवर, म्हणजे दिवसभरात वाटायच्या पार्सलांच्या यादीवर, ७० पार्सले आहेत आणि वाटायला आठ तास. ४८० मिनिटांत ७०, म्हणजे एकाला सात मिनिटेसुद्धा नाहीत. नवा मुलगा हा वेळ गाडी पळवून काढायला बघतो. पाच किलोमीटरला ताशी ४० ने साडेसात मिनिटे लागतात, ताशी ६० ने पाच. जीव धोक्यात घालून वाचली अडीच मिनिटे, तीही रस्ता मोकळा असेल तर. आणि घोडबंदर रोड कधी मोकळा असतो ते ठाणेकरांना सांगायला नको. उलट चुकीच्या विंगला चढलात तर लिफ्टची वाट, वर जाणे, खाली येणे यात पंधरा मिनिटे गेली. वेळ जातो तो पत्ता, गेट आणि लिफ्टमध्ये. वाचवायचा तोही तिथेच.

म्हणून पत्ता वाचायला शिका. सिडकोने नवी मुंबईत प्रत्येक नोडला (वाशी, नेरूळ अशा उपनगराला) सेक्टर नव्याने मोजले. सेक्टर १५ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे आणि बेलापुरातही आहे. लेबलवर नुसते 'सेक्टर १५, नवी मुंबई' असेल तर पिनकोड सोडवतो: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९, घणसोली ४००७०१. फसवतो तो सीबीडी बेलापूरचा ४००६१४. मुंब्रा ४००६१२ आणि कासारवडवली ४००६१५ यांच्या मधला नंबर असल्यामुळे तो सॉर्टिंगमध्ये ठाण्याच्या ढिगात जाऊन बसतो. खारघरचा ४१०२१० तर वेगळ्याच मालिकेतला. नोड, सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटी, घर, या क्रमाने वाचायची सवय लावा. वाशीच्या सेक्टर ९-१० कडे पत्त्यात 'जेएन-१' किंवा 'जेएन-२' दिसले तर ती कुणाच्या नावाची अक्षरे नव्हेत; तो सिडकोच्या इमारतींचा प्रकार आहे. त्यापुढे इमारतीचा नंबर आणि मग घराचा. कोपरखैरण्याच्या रो हाऊसमध्ये एकच रूम नंबर दोन-तीन सेक्टरांत सापडतो, तेव्हा रूम विचारण्याआधी सेक्टर पक्का करा.

घणसोली, गोठिवली, तळवली यांसारख्या गावठाणात नकाशा उपयोगाचा नाही. घरे जशी बांधली गेली तसे नंबर पडले, रांगेने नाहीत. तिथे फोनवर विचारायचा प्रश्न 'घर कुठे आहे' हा नसून 'कुणाच्या बिल्डिंगमध्ये राहता' हा असतो. भाडेकरूला गल्लीत कुणी ओळखत नाही, घरमालकाला सगळे ओळखतात. किराणावाला आणि इस्त्रीवाला हे दोघे सगळ्यात भरवशाचे.

ठाण्याची गंमत वेगळी. लोकमान्य नगरला पाडा नंबर एक ते चार आहेत. पाडा नंबर नसेल तर चढावरून खाली-वर करण्यात अर्धा तास जातो. वृंदावन सोसायटीत शंभराहून जास्त इमारती आहेत, आणि लोक बिल्डिंग नंबर न टाकता फ्लॅट नंबर टाकतात. मानपाडा घोडबंदरला आहे तसा डोंबिवलीतही आहे. कोपरी ठाणे पूर्वेला, कोपरी गाव वाशीच्या सेक्टर २६ ला, कोपर स्टेशन डोंबिवलीजवळ आणि कोपरखैरणे आणखी तिसरीकडे. या चौघांची पार्सले एकमेकांच्या पोत्यात गेली नाहीत असा आठवडा जात नाही. मिसरूट झालेले पार्सल हबमध्येच, रनशीट ॲक्सेप्ट करण्यापूर्वी बाजूला काढायचे. बाहेर पडल्यावर कळले तर ते दिवसभर तुमच्या नावावर 'पेंडिंग' दिसते.

ॲक्सेप्टचे बटण दाबण्याआधी नग मोजा. रनशीटवर ६८ आणि हातात ६७ असतील तर 'मिळेल रे संध्याकाळी' यावर जाऊ नका. दाबले की त्या एकाची किंमत तुमची. टेप फाटलेली, कोपरा दबलेला, आत काही खुळखुळणारा बॉक्स असेल तर लेबल दिसेल असा फोटो काढून टीम लीडला तिथेच परत द्या. ग्राहकाच्या दारात तो डॅमेज निघाला की बॉक्स तुमच्या हातात फुटला असेच धरले जाते.

मग लावणी. हबच्या फरशीवर आधी सेक्टर किंवा रस्त्यानुसार ढीग करा, ढिगात प्लॉटनुसार, प्लॉटमध्ये विंगनुसार. जाड मार्करने प्रत्येक बॉक्सच्या वरच्या कडेला घराचा नंबर एवढा मोठा लिहा की बॅगेत हात घालण्याआधी दिसेल: 'बी ७०४'. या कामाला वीस मिनिटे लागतात म्हणून नवे लोक ते टाळतात आणि दिवसभर प्रत्येक गेटवर बॅग उपसत बसतात. बारीक फ्लायर (प्लास्टिकची पार्सल पाकिटे) क्रमाने लावून बाजूच्या वेगळ्या पिशवीत. बॉक्स मोठ्या बॅगेत, शेवटी द्यायचा तो तळाला. जड नग मात्र क्रम मोडून खाली आणि पाठीच्या बाजूला. वजन मागे आणि वर गेले की पुढचे चाक हलके होते, आणि घसरणीवर पहिले हँडल जाते. बॅगेचे बूड सीटवर टेकले पाहिजे. पट्टे फक्त ती हलू नये म्हणून. खांद्यावर लोंबणारी बॅग दोन महिन्यांत कंबर धरते. स्कूटरच्या पायदानावर बॉक्स ठेवायचा तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे अडत असेल तर ठेवू नका. हुकवाली रबरी दोरी ताणताना तोंड बाजूला; सुटलेला हूक सरळ डोळ्याकडे येतो.

रूट काढताना घोडबंदरसारख्या रस्त्यावर एक बाजू पूर्ण संपवा, मग पुलाखालून वळा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे चुकून उड्डाणपुलावर चढलात तर खालचे जंक्शन गेले, पुढून फिरून यावे लागते. मेट्रो चारच्या कामामुळे कट बदलत राहतात, मॅपला ते उशिरा कळते. सर्व्हिस रोडवरून उलटे जाणारे सगळ्यांना दिसतात. ती शंभर मीटरची बचत नव्हे, समोरून येणारा पाण्याचा टँकर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या कंपन्यांची पार्सले सकाळी दहा ते एकमध्ये उरका. एक ते दोन जेवणाची सुट्टी, चारनंतर स्टोअरवाला माल घ्यायला कुरकुरतो. काही युनिट रविवारी चालू आणि शुक्रवारी बंद असतात, ते गेटवर विचारून वहीत लिहून ठेवा. राहत्या सोसायट्या सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर भरलेल्या सापडतात.

ही वही फार कामाची. सोसायटीचे नाव, पार्सलवाल्याला कुठल्या गेटने सोडतात, सर्व्हिस लिफ्ट कुठल्या विंगमागे, कुठे ॲपवर परवानगी लागते, कुठे वॉचमन पार्सल ठेवून घेतो, एवढे लिहा. मॅपवरचा पिन मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये हमखास मागच्या भिंतीवर पडतो, आणि उंच टॉवरच्या मध्ये जीपीएस एका विंगवरून दुसरीवर उड्या मारतो. दुसऱ्या महिन्यात वही मॅपला मागे टाकते.

टॉवरमध्ये एका विंगचे सगळे नग एकदम घ्या, लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि देत देत खाली उतरा. दोन-तीन मजल्यांचे अंतर असेल तर जिना. वर चढण्याआधी गेटवरूनच फोन करा. कंपनीच्या ॲपमधून लावलेला फोन अनोळखी नंबर म्हणून लोक कापतात, त्यामुळे आधी मेसेज टाका: 'तुमचे पार्सल आणले आहे, दहा मिनिटांत येतो.' बेसमेंटमध्ये रेंज जाते. ॲपचे पान वरच उघडून ठेवा आणि दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा.

दारात गेल्यावर पहिले वाक्य 'ओटीपी द्या' हे नको. ओटीपीने फसवल्याच्या बातम्या वाचून लोक घाबरलेले असतात. आधी नाव, मग कुठल्या ऑर्डरचे पार्सल, पैसे द्यायचे असतील तर रक्कम, आणि पार्सल हातात दिल्यावर ओटीपी. फोनवर ओटीपी घेऊन पार्सल वॉचमनकडे टाकणे हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे. ग्राहकाने सांगितले तरच ठेवा, त्याचा मेसेज जपा, रजिस्टरमध्ये नोंद करा, आणि सोसायटीच्या बोर्डासकट फोटो घ्या. घरी कुणी नसेल तर खरा रिमार्क टाका. न जाता 'ग्राहक उपलब्ध नाही' टाकणाऱ्यांना वाटते कुणाला कळत नाही. बहुतेक ॲप रिमार्कबरोबर तुमचे ठिकाण आणि फोन लागला की नाही हे दोन्ही नोंदवते. हबमध्ये 'आरटीओ' म्हणतात ते परिवहन कार्यालय नव्हे, माल पाठवणाऱ्याकडे परत जातो तो. पण पोचले असते असे पार्सल आरटीओत गेले की तुमचा दर बुडतो आणि ग्राहकाची तक्रार वर येते ती वेगळीच.

सीओडीचे, म्हणजे पार्सल देताना दारात घ्यायचे, पैसे हा स्वतंत्र विषय आहे, आणि नव्या मुलाचे दिवाळे इथेच निघते. नोटा दारातच, ग्राहकासमोर मोजा. पाचशेची नोट तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसला पाहिजे. नाही दिसला तर नम्रपणे दुसरी मागा. दहाची नाणी चलनात आहेत, ती नाकारू नका, फक्त सुटी सांभाळायला वेगळी थैली ठेवा. यूपीआयसाठी फक्त कंपनीच्या ॲपमधला, त्या ऑर्डरचा क्यूआर दाखवा. 'तुझ्याच नंबरवर टाकतो' याला नाही म्हणा: पैसे तुमच्या खात्यात, ऑर्डर मात्र उधार, आणि संध्याकाळी हिशोब जुळवताना तुम्ही कोंडीत. ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक किंवा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असे नव्हे. तुमच्या ॲपमध्ये 'पेड' दिसल्याशिवाय पार्सल सोडू नका.

रोकड कमरेच्या पाऊचमध्ये, डिकीत नाही. आणि त्यातून पेट्रोलला दोनशे रुपये काढायचे नाहीत, 'संध्याकाळी टाकतो' म्हणूनसुद्धा नाही. संध्याकाळी टाकायला दोनशे नसतात, उद्याच्या सीओडीतून आजचे भरले जातात, आणि आठवड्याने दोनशेचे बाराशे झालेले असतात. भरणा केल्यावर किती दिले, किती परत आणली, किती रोकड जमा, या पानाचा स्क्रीनशॉट रोज घ्या. महिन्याअखेर व्हेंडरने (ज्याच्यामार्फत कामाला लागलात त्या कंत्राटदाराने) 'शॉर्टेज' म्हणून काही कापले तर कुठले पार्सल, कुठली तारीख, हे लेखी मागता येते. तोंडी मागाल तर उत्तरही तोंडीच मिळेल.

रिटर्न पिकअपला, म्हणजे ग्राहकाकडून माल परत घेताना, घाई नको. मोबाइल असेल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ॲपमधल्याशी जुळवा. फोन सुरूच होत नसेल तर क्यूसी (मालाची तपासणी) फेल. कपड्याला टॅग, साइज आणि रंग. बुटाचे दोन्ही पाय एकाच नंबरचे. जुळले नाही तर वाद घालू नका, 'माझ्या ॲपमध्ये पुढे जात नाही' एवढे म्हणा आणि निघा. जुळले तर ग्राहकासमोर पिशवीत भरून सील लावा. घरी नेऊन किंवा हबमध्ये सील करायचे ठेवले तर आतला माल कुणी बदलला याचे उत्तर तुमच्याकडे नसेल.

आता गाडी. हवेचे आकडे गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना वेगळे दिलेले असतात. लोड म्हणजे मागे बसलेला माणूसच समजा आणि मागच्या चाकात दुसरा आकडा भरा, सकाळी टायर थंड असताना. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेतला उंचवटा टायरच्या पृष्ठभागाला भिडला की टायर संपला. दिवसाला ६० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले तर १,५६० किलोमीटर होतात. सारखे थांबत-निघत चालणाऱ्या गाडीचे ऑइल तीन हजारांच्या आसपास बदललेले बरे, म्हणजे दोन महिन्यांनी एकदा. दर रविवारी काडी काढून पातळी बघा. लिटरला ४५ चा ॲव्हरेज धरला तर रोजचे सव्वा लिटरहून जास्त पेट्रोल जाते आणि त्याने लिटरला शंभरी ओलांडली आहे. किलोमीटरमागे एक रुपया टायर-ब्रेक-ऑइलसाठी वेगळा काढत चला. तो न काढता जो रोजची कमाई मोजतो, तो टायर बदलायच्या दिवशी उधारी करतो.

पावसाचे दिवाळीच्या मुलांना आत्ताच कशाला, असे वाटेल. पण परतीचा पाऊस याच दिवसांत गाठतो. बॅगेच्या आतून जाड काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावा. वरचे रेनकव्हर शिवणीतून गळते. फ्लायर टिकतो, पुठ्ठा नाही. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेले की पहिले दोन-तीन दाब वाया जातात. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके धरून शू वाळवून घ्या. लोखंडी प्लेट, गटाराची झाकणे आणि झेब्रा पट्टे यांवर ब्रेक आणि वळण दोन्ही टाळा. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, नवी मुंबईत स्टेशनांचे सबवे, इथे पाणी सायलेन्सरच्या वर असेल तर गाडी घालू नका. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढले जाते. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर खाडीकाठच्या सेक्टरांतले पाणी उतरायला वेळ लागतो. ते सेक्टर त्या दिवशी उशिरा घ्या. कुत्रे चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात रेबीजची पहिली लस घ्या, आणि बरे वाटले म्हणून पुढचे डोस सोडू नका.

कागदपत्रांत एक खड्डा आहे आणि त्याबद्दल हबमध्ये कुणी बोलत नाही. पांढऱ्या पाटीच्या दुचाकीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा मजकूर असतो. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक या दोन गोष्टी त्यात सहसा वगळलेल्या असतात. बॅग लावून कामावर असताना अपघात झाला तर कंपनी याच ओळीवर बोट ठेवू शकते. पॉलिसी काढताना एजंटला काम काय ते स्पष्ट सांगा आणि डिलिव्हरीसाठीचे कव्हर लेखी मागा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघातात दोन लाखांचा आहे; तो आजच सुरू करा. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार (ॲपवरून काम करणारा) म्हणून नोंद करा, मदतीला १४४३४. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. निधी येईल तेव्हा नोंद असलेल्याचे नाव आधी सापडेल. छोटी चारचाकी चालवणाऱ्यांसाठी: मालासकट एकूण वजन साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधे एलएमव्ही (हलक्या मोटारीचे) लायसन्स चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले आहे, वेगळ्या बॅजसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हेंडरने तुमच्या मोबदल्यातून एक टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापला असेल तर तो बुडाला नाही. कर लागत नसेल तर आयकर रिटर्न भरले की परत मिळतो. पॅन दिला नाही तर मात्र वीस टक्के कापतात.

शेवटी थोडे सोसायट्यांशी. विंगची अक्षरे गेटवरून वाचता येतील एवढी मोठी रंगवा. रात्री आठला, अंधारात, सातव्या पार्सलाला 'ए' आणि 'ए-१' यांतला फरक वॉचमनलाही सांगता येत नाही. पार्सलवाल्याला मेन लिफ्ट बंद आणि सर्व्हिस लिफ्ट नादुरुस्त, असे एकाच दिवशी करू नका. आणि गेटजवळच्या वॉचमनच्या शौचालयाला कुलूप लावत असाल, तर दिवसाचे आठ-नऊ तास रस्त्यावर असणाऱ्या मुलांनी, आणि आता या कामात आलेल्या मुलींनी, नेमके जायचे कुठे तेही सांगा.

कळावे,
पार्सल वाटपाच्या कामातले काही जण,
वर्तकनगर (ठाणे) आणि कोपरखैरणे (नवी मुंबई)